शेंगदाण्याच्या दुधात म्हैस

खोली बघायला गेले तेव्हा आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडले, "अगं, भाडेकरू आलीय. तीन-दोन वाटते."

मला वाटलं, खोलीचा नंबर असेल. मग आबांनी हिशेब समजावला तेव्हा कळलं की तो माझा फॅट होता.

आबांची सगळी नोकरी दूध डेअरीत तपासणीवर गेलेली. गावोगावची दुधाची कॅन यायची, आबा वास घ्यायचे, थेंबभर जिभेवर ठेवायचे, पातळ दुधात खाली जाणारं लॅक्टोमीटर बुडवायचे, फॅट काढायचे, आणि दूध नापास झालं की कॅनवर खडूनं फुली मारायचे. निवृत्त झाल्यावर कॅन संपली, पण माणसं होती. आबा माणसांचा फॅट काढायला लागले. गायीला साडेतीन लागतो, म्हशीला सहा, त्याखाली रिजेक्ट. त्यांचा जावई चार-एक. मुकुंदवाडीतले बहुतेक पुढारी 'नुसतं पाणी'. सूनबाई सहा-दोन, 'पण लगेच उतू जाते'. काकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, त्यांनी एकदा पाहुण्यांसमोर साडेसात दिले. आबांच्या मते यापेक्षा मोठी स्तुती नव्हती. काकूंनी मात्र त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं नाही.

"तीन-दोन म्हणजे रिजेक्टच की," मी म्हणाले.

"रिजेक्टच. पण सकाळचं दूध पातळच असतं. संध्याकाळी परत ये, बघू."

मी संध्याकाळी परत गेले. दुसरी खोली परवडत नव्हती म्हणून गेले, पण गेले. आबांनी विचारलं, "शिक्षण?"

"बीएस्सी. केमिस्ट्री. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच." हे मी सगळ्यांना सांगते. विचारलं नाही तरी सांगते.

"गाव?"

"करमाडच्या पुढं."

"अरारा. तो दुधाचा रूट मी केलाय. लई पातळ."

मला राग आला. "पातळ असंल. पण त्यातला एक थेंब आमच्या तोंडात पडत नव्हता. सगळं तुमच्या कॅनमध्ये जायचं. आम्ही भावंडं काळा चहा पिऊन मोठी झालो."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग किल्ली काढून हातात देत म्हणाले, "तीन-सहा. वरची खोली. पाण्याची टाकी वाहू द्यायची नाय."

त्या दिवसापासून मी 'पदवीधर' झाले. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. "ओ पदवीधर, कपडे वाळलेत." "पदवीधर, टँकर आलाय, बादल्या आणा." गल्लीत सगळ्यांना वाटायचं माझं आडनावच तसलं आहे. मला राग यायचा असं कुणाला वाटेल, पण खरं सांगते, मला आवडायचं.

आबांचा एक नियम होता: आधी नाक, मग जीभ, मग यंत्र. तो ते सगळ्या जगाला लावायचे. लग्नपत्रिका आली तर आधी हुंगायची. मी कंपनीतून आले की जिन्याच्या पायथ्याशीच म्हणायचे, "आज साहेबाशी भांडलीस. वास येतोय." शेंद्र्याच्या कंपनीत लॅबला होते मी, तिथं भांडण रोजचंच, त्यामुळं आबांचा अंदाज सहसा चुकायचा नाही. लॅक्टोमीटर मात्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच असायचं, पेनसारखं. वरणात बुडवायचे, पन्ह्यात बुडवायचे, टँकरच्या पाण्यात बुडवून टँकरवाल्याला म्हणायचे, "तुझ्या पाण्यात पाणी जास्त आहे."

दूध घालायला रहीमभाई यायचे. त्यांचा गोठा मागंच होता. तरुणपणी कधीतरी त्यांचं एक कॅन आबांनी परत पाठवलेलं, तेव्हापासून रहीमभाई आबांच्या दारात चप्पल काढूनच उभे राहायचे.

"आबा, कसम से, पानी नहीं डाल्या."

"मी कुठं म्हणलो?"

"नहीं, आप देख रहे ना, इसलिए बोल्या."

"रहीम, नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं आपल्याकडं. तू दुधात घालायला आणणार कुठून? माझा तुझ्यावर विश्वास नाय, महानगरपालिकेवर आहे."

आणि घरात एक बोका होता. जाडा, पिवळा, कायम कपाटावर आडवा. त्याचं नाव साहेब. डेअरीचे मोठे साहेब तपासणीला यायचे, दूध प्यायचे, झोपायचे आणि जायचे, म्हणून आबांनी बोक्याचं नाव साहेब ठेवलेलं. दुधाबाबतीत आबांचा स्वतःच्या नाकाखालोखाल साहेबाच्या नाकावर विश्वास. घरातलं दूध आधी साहेबाच्या वाटीत. साहेबानं जीभ लावली की पास.

अशा या घरात आबांची नात व्हीगन झाली.

श्रावणी तिचं नाव. अकरावीत होती, धावायची. रोज पहाटे क्रीडा संकुलात जायची, परत येताना बूट हातात घेऊन अनवाणी जिना चढायची. उन्हाळ्यात ती चितेगावला मामाकडं गेली. मामाचा गोठा आहे. तिथं धार काढताना वासरू लांब बांधून ठेवलेलं आणि ते ओढ घेत होतं, एवढंच तिनं बघितलं. तसं मी लहानपणापासून बघितलंय आणि मला कधी काही वाटलं नाही. तिला वाटलं. घरी आली आणि जेवायच्या आधीच जाहीर केलं, "मी उद्यापासून दूध पिणार नाही. दही, ताक, तूप, पनीर, काहीच नाही. मी व्हीगन आहे."

काकूंनी विचारलं, "तो कुठला उपास असतो? किती दिवसाचा?"

"कायमचा, आजी."

"उपासाला दूध चालतं की पण."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. श्रावणीला दात आले तेव्हापासून रोज दिवेलागणीला आबा तिला स्वतःच्या हातानं दुधाचा ग्लास द्यायचे. मधल्या बोटानं काठ पुसून. घरात कुणी मेलं, कुणी जन्मलं, परीक्षा असो, ग्लास चुकला नव्हता. त्या संध्याकाळीही ते ग्लास घेऊन तिच्या दारात उभे राहिले.

"आबा, नको."

आबा उभेच. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी आयुष्यभर पाप गोळा केलं का गं?"

"तसं नाही हो आबा. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. मी फक्त पिणार नाही."

आबांनी ग्लास साहेबापुढं ओतला. रोज दिवेलागणीला ग्लास भरायला उठणारा माणूस दुसऱ्या दिवशी खुर्चीतच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी पण. हाताचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून लॅक्टोमीटर पुसत बसायचे.

व्हीगन होणं म्हणजे काय, हे श्रावणीला तरी कुठं नीट माहीत होतं! काय खायचं नाही ते तिला पाठ होतं. काय खायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. वरणावर तूप म्हणून वरण बंद. भाजीत मलई असंल म्हणून भाजी बंद. राहिलं काय? बटाट्याचे वेफर्स, कोल्ड्रिंक आणि पाणीपुरी. पाणीपुरी शंभर टक्के व्हीगन आहे म्हणून तिनं महिनाभर पाणीपुरीवर काढला. मी एकदा म्हणाले, "बाई, गायीचा जीव वाचवलास, आता स्वतःचा वाचव." तर म्हणाली, "ताई, चिंच फळच असतं ना?"

आणि एका सकाळी धावताना ती ट्रॅकवर चक्कर येऊन पडली.

वहिनी, म्हणजे तिची आई, कंपनीतून तशीच गणवेशात धावत गेली. घरी आणल्यावर जे उतू गेली, ते आबांचं म्हणणं पटावं असं. "बास झाली थेरं! उद्यापासून दूध. नाकाला चिमटा लावून पाजीन!"

श्रावणी रडत रडत म्हणाली, "नाही पिणार."

"मग धावणं बंद."

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "सूनबाई, कॅन न तपासता परत पाठवत नसतात."

"काय?"

"दिवाळीच्या सुट्टीत पोरीचं रक्त तपासू. रक्त नापास झालं तर दूध. पास झालं तर तिच्या मनासारखं. तोवर तिच्या खाण्याचं माझ्याकडं."

"तुमच्याकडं?" वहिनीला हसू आलं. "मामंजी, तुम्हाला दुधाशिवाय काय येतं?"

"म्हणून तर," आबा म्हणाले. "दुधाशिवाय काय असतं ते बघतो आता."

दुसऱ्या दिवशी आबा आणि मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाई समजूतदार होत्या. डाळी, शेंगदाणे, तीळ, जवस, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, त्यावर लिंबू पिळायचं, जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, असं सगळं त्यांनी सांगितलं. ऐकताना मला हसू यायला लागलं. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, मूठभर शेंगदाणे. आमच्या घरी हेच होतं. आम्ही गरिबीनं व्हीगन होतो, फक्त आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं आणि आमचा कुणी फोटो काढत नव्हतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "आणि बी-बारा जीवनसत्त्वाची गोळी. ते झाडपाल्यातून मिळत नाही. गोळी चुकवायची नाही."

आबांचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर म्हणाले, "गोळी नाय चालणार."

"का?"

"बाहेरचा पदार्थ घालून कमतरता झाकायची. याला काय म्हणतात पदवीधर? भेसळ. मी आयुष्यभर हेच पकडलं."

"आबा, मिठात आयोडीन घालतात ते काय मग?"

आबा रस्त्यातच थांबले. "मिठात घालतात?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं."

घरी जाऊन त्यांनी पाकीट वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि पुढचे दोन दिवस अळणी जेवले. तिसऱ्या दिवशी वरणात मीठ घालून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. ही परवानगी असलेली भेसळ." त्यानंतर श्रावणीची गोळी आबा स्वतः द्यायचे, आणि ती गिळेपर्यंत तोंडाकडं बघत राहायचे. "जीभ वर कर. हं. पास."

मग घराचं संकलन केंद्र झालं. आबांनी वहिनीचा जेवणानंतरचा चहा जप्त केला. श्रावणीचाच कोरा चहा बंद करायचा होता, पण नियम सगळ्या रूटला सारखा. पोह्यांवर लिंबू, पालकावर लिंबू, मटकीवर लिंबू. एकदा श्रीखंडावर पण पिळलं, सवयीनं. श्रावणीच्या डब्यात शेंगदाण्याचा लाडू, तिळाची चटणी, हरभऱ्याची उसळ. ती म्हणायची, "आबा, मैत्रिणी माझा डबा पळवतात." आबा म्हणायचे, "पळवू दे. त्यांचा पण फॅट वाढू दे."

पण आबांच्या जिवाला खरी टोचणी दिवेलागणीची. हातात ग्लास नव्हता. एका रविवारी मी खाली आले तर काकूंच्या मिक्सरमध्ये भिजवलेले शेंगदाणे, कट्ट्यावर पांढरा पूर आणि आबा जुनं धोतर पिळत उभे.

"काय चाललंय?"

"दूध काढतोय."

"कुणाचं?"

"भुईमुगाचं."

काकू दारात उभ्या राहून कपाळ बडवत होत्या. "गावभर म्हशी असताना हा माणूस शेंगा पिळतोय!"

आबांनी दूध उंच काचेच्या भांड्यात ओतलं आणि लॅक्टोमीटर सोडलं. ते पार तळाला जाऊन बसलं. आबांनी माझ्याकडं बघितलं.

"आबा, ते यंत्र गायी-म्हशीच्या दुधासाठी असतं," मी माझं शिक्षण काढलं. "शेंगदाण्याला त्याचा नियम लागू नाही."

"यंत्राला काय माहीत कुणाचं दूध आहे? पातळ ते पातळ. शेंगा कमी पडल्या."

पुढं कितीतरी दिवस तेच. शेंगा वाढवल्या, तीळ घातले, थोडे भाजून बघितले, सोयाबीन घातलं तर सगळ्या गल्लीला ओल्या पोत्याचा वास आला. दही लावायचं म्हणून मिरचीची देठं घालून डबा धान्याच्या पिंपात ठेवला आणि विसरले. तो डबा जेव्हा फुटला तेव्हा शेजारची माणसं गॅस तपासायला आली. दर घाण्याला नमुना साहेबापुढं जायचा. साहेब वास घ्यायचा, आबांकडं अतिशय दुःखानं बघायचा आणि पाठ फिरवून झोपायचा.

रहीमभाई तर हादरलेच. "आबा, मेरी कुछ गलती हुई क्या? दूध बंद कायकू किए?"

"बंद नाय रे, म्हातारीला लागतं की. पोरीसाठी शेंगदाण्याचं काढतोय."

रहीमभाईंनी घोटभर चाखलं. ग्लास खाली ठेवला आणि अदबीनं म्हणाले, "पानी नहीं है इसमें. ये मैं बोल सकता."

शेवटी तीळ, शेंगदाणे आणि खजूर अशी काहीतरी जुळणी बसली. लॅक्टोमीटर तळाशी न जाता अधांतरी तरंगलं. आबा ग्लास घेऊन श्रावणीच्या दारात उभे राहिले. मधल्या बोटानं काठ पुसला. तिनं घोट घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"आबा, मस्त आहे."

"खोटं बोलतेस."

"थोडंसं. पण पिते ना मी."

तिनं संपवलं. आबांनी ग्लास उलटा करून बघितला, आणि त्या रात्री म्हणे ते झोपेत हसत होते. काकूंनी सांगितलं.

दिवाळी जवळ आली तशी काकूंची घालमेल वाढली. श्रावणी रोज धावत होती, उन्हानं काळवंडली होती, पायाच्या पोटऱ्या घट्ट झाल्या होत्या. काकूंना पोटऱ्या दिसत नव्हत्या, गाल दिसत होते. "लेकराचे गाल बसले गं. रक्त नापास झालं तर आई तिचं धावणं बंद करणार, आणि लेकरू तिकडं खंगणार." त्या हे दिवसातून चारदा म्हणायच्या. आम्ही ऐकून सोडून द्यायचो. तिथंच चुकलं.

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचं होतं. मी खाली चकल्या खायला आले होते. आबांनी ग्लास भरला आणि श्रावणीच्या हातात दिला. ती तोंडाला लावणार, तोच कपाटावरून धप्प आवाज आला.

साहेब उठला होता.

तो नुसता उठला नव्हता, चालत आला होता. शेपूट ताठ करून, लाडात येऊन, श्रावणीच्या पायात घोटाळत, ग्लासाकडं तोंड वर करून ओरडत. इतके महिने ज्या ग्लासाकडं त्यानं ढुंकून बघितलं नव्हतं!

आबांच्या कपाळावर आठी आली. "थांब," म्हणाले. ग्लास तिच्या हातातून घेतला. आधी नाक. डोळे मिटले. मग जीभ. मग खिशातून यंत्र काढून बुडवलं. ते रोजच्यापेक्षा वर येऊन डुलायला लागलं.

"म्हैस," आबा म्हणाले.

चकली माझ्या दातात तशीच.

"कालच यंत्र जरा वर आलेलं. मला वाटलं, शेंगा चांगल्या लागल्या." त्यांनी परत वास घेतला. "सरकी खाणारी. रहीमची दोन नंबरची म्हैस."

श्रावणीचा चेहरा पांढरा पडला. ग्लास तर रोज आबाच भरायचे. तिनं दुसऱ्या कुणाकडं बघितलंच नाही. "आबा, तुम्ही?"

आबांनी काकूंकडं बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली. त्या माणसानं अख्ख्या आयुष्यात कुणाचं नाव लपवलं नव्हतं. सरपंचाचं कॅन परत पाठवलेलं, सख्ख्या साडूचं पाठवलेलं. आणि आत्ता तो नातीसमोर गुन्हेगारासारखा उभा होता आणि बोलत नव्हता.

श्रावणी वळून निघणार, तेवढ्यात काकूच बोलल्या. "मी घातलं. त्यांच्याकडं काय बघतेस? मी घातलं! काल चमचाभर, आज चार चमचे, त्यांच्या भांड्यात. उद्या रक्त बघणार म्हणून. विष नाय घातलं, दूध घातलं! चांगलं घट्ट, निरसं, शुद्ध म्हशीचं दूध!"

"शुद्ध आहे," आबा म्हणाले. "नाकाला कळतंय."

"मग?"

आबांनी ग्लास उजेडात धरला. डेअरीत नव्या पोरांना शिकवताना बोलत असतील तसे बोलले. "गिऱ्हाईकानं काय मागितलं?"

मी म्हणाले, "शेंगदाण्याचं."

"भांड्यात काय निघालं?"

"म्हैस," श्रावणी रडक्या आवाजात म्हणाली.

"गिऱ्हाईकाला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग याला काय म्हणतात?"

"अहो, दूध आहे ते!" काकू ओरडल्या. "दुधाला भेसळ म्हणता? तुम्ही?"

आबा कपाटाकडं गेले, आतला खडू घेतला आणि त्या स्टीलच्या ग्लासावर मोठी फुली मारली. "रिजेक्ट."

जन्मभर दुधात पाणी पकडलेल्या माणसानं त्या दिवशी पाण्यात दूध पकडलं. ग्लास त्यांनी साहेबाच्या वाटीत ओतला. साहेबानं वाटी चाटून पुसून पालथी केली. त्या घरात त्या क्षणी आनंदी असा तो एकटाच होता.

काकू दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग श्रावणीच त्यांच्या मांडीवर जाऊन पडली. "आजी, तुला मला काहीतरी घालायचंच असंल तर लाडवात तीळ जास्त घाल ना." काकूंनी डोळे पुसले आणि एवढे तीळ घातले की लाडू वळेनात.

पण एक गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आबांनी ग्लास दिला, तेव्हा श्रावणीनं तो हातात घेतला आणि आधी साहेबाकडं बघितलं. साहेब झोपलेला होता. मग ती प्याली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. ग्लास हातात, नजर कपाटावर, मग घोट. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, सवय लागली होती. पण मी आबांकडं बघत होते. ज्यानं सगळ्या तालुक्याचा वास घेतला, त्याच्या हातचा ग्लास आता बोक्याकडून पास होत होता. नियम आबांचाच होता.

रक्ताचं मात्र सांगते. आबांनी डॉक्टरीणबाईंना बजावलं होतं, "एकच नमुना घेऊन कळत नसतं. सगळ्या रूटचे घ्या." म्हणून घरातल्या सगळ्यांनी रक्त दिलं, मी पण दिलं, फुशारकीनं. रिपोर्ट वहिनीनं स्वयंपाकघरात उभं राहून वाचले. श्रावणीचा आधी. हिमोग्लोबिन चांगलं. बी-बारा चांगलं. वहिनीनं परत वाचलं, कागद उलटा करून बघितला, आणि डोळ्यांत पाणी आलेलं दिसू नये म्हणून म्हणाली, "जा, मर, धाव कितीही." श्रावणी किंचाळून तिच्या गळ्यात पडली.

काकूंचं ठीक. वहिनीचं जेमतेम, 'चहा!' असं आबा लगेच म्हणाले. आबांचं स्वतःचं कॅल्शियम बरं, पण ड जीवनसत्त्व कमी, कारण दिवसभर खुर्चीत. आणि मग वहिनी थांबली.

"ताई, तुमचं बी-बारा..."

"काय?"

"सगळ्यात कमी तुमचंच आहे."

मी बीएस्सी, केमिस्ट्री, घराण्यातली पहिली. अंडी खाणारी, सणावाराला मटण खाणारी, लोकांना गोळ्या समजावून सांगणारी. आबा खुर्चीतून सावकाश उठले. मला वाटलं, आता फॅट सांगणार. त्यांनी फक्त खडू उचलला आणि माझ्याकडं बघितलं. मी जिन्यानं वर पळाले.

त्या संध्याकाळी फटाक्यांचा आवाज चालू होता म्हणून साहेब पलंगाखाली जाऊन बसलेला. मी खाली आले तेव्हा आबा ग्लास घेऊन दारात उभे होते. मधल्या बोटानं काठ पुसत होते. श्रावणी बूट काढत होती, दमलेली, घामेजलेली, आनंदात. तिनं हात पुढं केला.

मी कपाटाकडं बघितलं. कपाट रिकामं. आबांनीही बघितलं. तपासायला कुणी नव्हतं.

श्रावणीनं ग्लास घेतला आणि इकडं तिकडं न बघता गटागटा पिऊन टाकला. मग ओठावरची पांढरी मिशी मनगटानं पुसत म्हणाली, "आबा, आज खजूर जास्त पडलाय."

आबा पाठ फिरवून लॅक्टोमीटर पुसायला लागले. कोरडंच होतं ते, आज बुडवलंच नव्हतं. बराच वेळ पुसत राहिले. मग माझ्याकडं न बघताच खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"काय बघते पदवीधर? ये इकडं. जीभ वर कर."